तलाव क्रमांक ४१७ मधलं धान

"कापगते साहेब तुमीच का जी?"

दारात साठीचा एक माणूस उभा होता. डोक्याला दुपट्टा, हातात बांबूचं टोपलं, त्यावर ओलं फडकं. मी म्हटलं, हो, मीच. त्याने टोपलं उंबऱ्यावर ठेवलं आणि फडकं बाजूला केलं. आत शिंगाडे होते. नुकतेच पाण्यातून काढलेले, दोन शिंगांचे, हिरवे आणि थोडे तांबूस.

"हे तुमचं धान," तो म्हणाला. "कांडून पाहा. तांदूळ निंगते का तं सांगा मले."

 तो कुठून आला असेल ते मला लगेच कळलं. अकरा दिवसांपूर्वी मी एका फॉर्मवर लिहिलं होतं : तलाव क्रमांक ४१७, तलावक्षेत्रात भातपीक, पडताळणी पूर्ण. खाली माझं नाव आणि सही होती.

मी उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशे करतो. या कामाला रिमोट सेन्सिंग म्हणतात. सोप्या भाषेत, जिथे जायचं नाही तिथलं सांगायचं. पंचवीस वर्षं मी हेच करत आलोय. आधी पुण्यात ऑफिस होतं. मग कंपनीने सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं आणि मी लाखनीला आलो, कारण इथे आई होती. दोन वर्षांनी आई गेली. काम राहिलं, म्हणून मीही राहिलो. हायवेला लागून एका टायरच्या दुकानावर माझ्या दोन खोल्या आहेत. खाली ट्रकची चाकं बदलतात, वर बसून मी पृथ्वी बघतो. लग्न केलं नाही. त्याची कारणं काही फार रंजक नाहीत.

दिवसभरात माझ्याशी बोलणारं एकच माणूस होतं, माझी प्रोजेक्ट मॅनेजर मानसी. तीही पुण्याहून, हेडफोनमधून. ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे आणि मला सर म्हणते, म्हणजे बॉस कोण याबद्दल दोघांनाही संकोच वाटत नाही. शनिवार-रविवारी तीही बोलत नसे. कधीकधी सोमवारी पहिला शब्द उच्चारताना माझा घसा खरखरायचा. मला एकटं वाटायचं, हे सरळच लिहितो. पण दाढी करायची सवय असते तशी त्याचीही सवय झाली होती.

त्यात कामही तसंच. आमच्या फोटोतला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो. त्यात घर दिसतं, विहिरीभोवतीची हिरवळ दिसते, माणूस दिसत नाही. भंडारा जिल्ह्यातलं जवळपास प्रत्येक गाव मी वरून पाहिलंय, आणि एकाही गावात मला कधी कुणी भेटलं नाही.

या वेळचं काम तलावांचं होतं. मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जुन्या जमीनदारांच्या काळात इथे गावोगाव तलाव बांधले गेले. त्यांना लोक मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतात. त्यातले किती जिवंत आहेत, किती गाळाने भरले, कितींच्या पोटात लोकांनी शेती सुरू केली, याची यादी एका सरकारी कार्यालयाला हवी होती. कंपनीला ते काम मिळालं. माझ्याकडे जिल्हाभरचे तलाव आले. प्रत्येक तलावाला चारपैकी एक शिक्का मारायचा : पाणी, झुडूप, पीक, कोरडी जमीन.

शिक्का मी मारत नाही, संगणक मारतो. तो कसा मारतो ते सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच आहे.

हिरवं पान सूर्याचा लाल प्रकाश खाऊन टाकतं, कारण त्याला अन्न करायला तो लागतो. पण लाल रंगाच्या पलीकडे आणखी एक प्रकाश असतो, जो आपल्याला दिसत नाही. तो पानाला नको असतो, म्हणून पान तो परत फेकतं. पाण्याचं उलट. पाणी तो न दिसणारा प्रकाश पिऊन टाकतं. उपग्रहाचा कॅमेरा दोन्ही मोजतो. मग न दिसणाऱ्या प्रकाशातून लाल वजा करायचा, आणि त्या वजाबाकीला दोन्हींच्या बेरजेने भागायचं. उत्तर उणे एक ते अधिक एक यांच्या मध्ये कुठेतरी येतं. अधिक एककडे गेलं तर हिरवळ, शून्याच्या खाली गेलं तर बहुधा पाणी.

भागायचं कशाला, असं लोक विचारतात. कारण ऊन रोज सारखं नसतं. विरळ ढग आला तर दोन्ही प्रकाश सारख्याच प्रमाणात कमी होतात. वजाबाकी बदलते, पण भागाकार केल्यावर उत्तर तेच राहतं. शाळेतलं गुणोत्तर, दुसरं काही नाही. मला हा भागाकार फार आवडतो. ढग आला आणि गेला तरी न हलणारी गोष्ट आयुष्यात दुसरी फारशी सापडली नाही.

उपग्रह दर पाच दिवसांनी डोक्यावरून जातो. जून ते ऑक्टोबर प्रत्येक तलावाचे हे आकडे एका रेषेवर मांडले की त्या तलावाचा पावसाळा कागदावर दिसतो. चारशे सतराची रेषा अशी होती : जुलैत पाणी, ऑगस्टमध्ये हिरवं व्हायला सुरुवात, ऑक्टोबरला गच्च हिरवं. धानाच्या बांधीची, म्हणजे बांध घातलेल्या शेताची, रेषा अशीच असते. आधी बांधीत पाणी भरतात, मग रोवणी, म्हणजे रोपांची लावणी होते, मग पीक वाढतं. संगणकाने शिक्का मारला : पीक. माझ्या मनात शंका यायचं काहीच कारण नव्हतं.

यादी गेली. कार्यालयाने नोटिसा काढल्या. आणि चारशे सतराच्या मच्छीमार संस्थेने उलट अर्ज केला की आमच्या तलावात धान नाही, पाणी आहे. तो अर्ज फिरत फिरत मानसीकडे आला.

"सर, एक कम्प्लेंट आहे. डेस्क चेक करून टाका ना," ती म्हणाली होती. डेस्क चेक म्हणजे खुर्चीवरून न उठता पुन्हा बघणं.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत पाणी आहे. सगळेच तसं म्हणतात."

मी पुन्हा पाहिलं. तेच फोटो, तीच रेषा. हिरवं म्हणजे हिरवं. मी लिहिलं, पडताळणी पूर्ण. तलाव माझ्या खोलीपासून स्कूटरने तासाभराच्या आत होता. पण जावं असं मनातही आलं नाही. खोटं कशाला सांगू, ते लोक खोटं बोलतायत असंच मी धरून चाललो होतो.

आणि आता त्यांच्यातलाच एक उंबऱ्यावर उभा होता. मी त्याला आत बोलावलं, खुर्चीवरचे कपडे उचलले. चहा ठेवला. दोन कप शोधायला वेळ लागला.

त्याचं नाव मनिराम दिघोरे. एकोडीच्या पुढच्या एका गावचे ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या जातीतले, आणि तिथल्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. माझा पत्ता त्यांना कसा मिळाला हे मी विचारलं. नोटिशीला माझा नकाशा जोडलेला होता, नकाशाखाली नाव होतं, आणि लाखनीत कॉम्प्युटरवाले कापगते किती असणार.

"कापगते मंजे कोहळी ना तुमी?"

"हो."

"वा जी! तुमच्याच आज्या-पणज्यायनं खोदले हे तलाव. अन तुमी त्याच्यात धान लावून राहिले!"

ते हसले. मी चहा गाळत होतो, त्यामुळे माझा चेहरा त्यांना दिसला नाही. मग त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून नोटीस काढली. तलावक्षेत्रातील पीक हटवून तलाव मोकळा करावा. सोमवारी पाहणी होईल. पीक आढळल्यास संस्थेच्या तलावाच्या ठेक्याचे नूतनीकरण होणार नाही. त्या दिवशी बुधवार होता.

"ठेका गेला तं मासोळी गेली, शिंगाडाबी गेला," मनिराम म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते. "बत्तीस घरं हायेत आमची. एकाच्याबी नावानं वावर नाई. तलाव गेल्यावर आमी कोठं जावाचं?"

मी टोपल्यातला एक शिंगाडा उचलला. वर चिकटून आलेलं एक पान होतं, चौकोनी, दातेरी कडांचं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. शिंगाड्याचा वेल पाण्यात असतो, पण पानं पाण्यावर पसरतात. वरून बघणाऱ्याला पाणी दिसणारच नाही, फक्त पान दिसेल. आणि दिवाळीपासून मी लाखनीच्या बसस्टँडवरून उकडलेले शिंगाडे आणून संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसून खात होतो. ते कोणत्या तलावातून येतात, हा प्रश्न मला पडला नव्हता.

"चला, बघून येऊ," मी म्हणालो. माझं मलाच नवल वाटलं.

साकोलीवरून एकोडीकडे वळलो. दोन्ही बाजूंना कापणी उरकत आलेली, बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर चढलो आणि समोर चारशे सतरा दिसला. माझ्याकडे त्याचे तीस तरी फोटो होते. पण पाळीवर मोहाची झाडं आहेत, हे मला माहीत नव्हतं, आणि तलावाला वास असतो हेही नव्हतं.

सगळा तलाव पानांनी झाकलेला. मध्येमध्ये बांबू रोवलेले. मनिरामनी सांगितलं, हे वाटे आहेत, या बांबूपासून त्या बांबूपर्यंत एका घराचा. एका वाट्यात डोंग्यात बसून एक बाई शिंगाडे तोडत होती. डोंगा म्हणजे एकाच खोडातून कोरलेली अरुंद नाव. ती मनिरामची वहिनी, भागरताबाई. नवरा गेलेला, लेकी सासरी, एकटीच राहते, असं मनिराम म्हणाले. त्यांनी हाक मारली, तसा तिने डोंगा काठाला आणला.

"हे कोन?"

"धानवाले साहेब."

तिने मला नीट पाहून घेतलं. "बसा," ती म्हणाली.

"कुठे?"

"डोंग्यात, कोठं? येथूनच पाहाचं होतं तं घरी का वाईट होतं?"

मी बसलो. डोंगा डुगडुगला आणि मी दोन्ही कडा गच्च धरल्या.

"पोहता येते का, भाऊ?"

"नाही."

"मंग पान्यावर सही कायले करता?"

काठावर मनिराम खोकल्यासारखं करून हसले. मीही हसलो. कुणी माझी थट्टा केल्याला बरीच वर्षं झाली होती. राग यायला हवा होता, पण बरं वाटलं.

तिने एक वेल उचलून दाखवला. वर पानांचा गोल झुबका, खाली शिंगाडे लोंबणारे, आणि त्याखाली लांब दोरीसारखी देठं, पार तळापर्यंत. मी पानांमधून हात खाली घातला. कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला, शर्ट भिजला. पाणी थंडगार होतं.

"लावता कधी हे?" मी विचारलं.

"आखाडात. तिकडं रोवणी चालू रायते, तवाच आमी इकडं वेल लावतो. दिवाळीपासून तोडणी. पूसापर्यंत चालते. मंग तलाव मोकळा."

हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. धानाची रोवणी आणि शिंगाड्याची लावणी एकाच वेळी. दोन्हींच्या आधी पाणी, दोन्हींच्या नंतर हिरवं. माझ्या रेषेला फरक कळणं शक्यच नव्हतं. फरक फक्त शेवटी दिसतो. धान कापलं की जमीन उरते. शिंगाडा संपला की पाणी उरतं. पण आमचे फोटो ऑक्टोबरला संपत होते, कारण करारात तसं लिहिलेलं होतं.

"अन बी?" मी विचारलं.

"पक्के फळं ठेवतो ना पान्यातच. पुढच्या सालचं बी ह्याच वेलावर हाये." तिने हात वेलांवरून फिरवला. "घरचं बी हाये हे. सासूच्या हातचं."

परत निघताना मनिरामनी पाकिटाच्या मागे आपला नंबर लिहून दिला. "काय झालं ते फोनवर सांगान ना जी? सोमवारच्या आंदी?"

"सांगतो," मी म्हणालो.

घरी येऊन गेल्या जानेवारीचा फोटो उघडला. तो वर्षभर माझ्याच हार्ड डिस्कवर होता. चारशे सतरावर बोट ठेवलं. आकडा शून्याच्या खाली. पाणी. चार मिनिटांचं काम होतं. अकरा दिवसांपूर्वी ती चार मिनिटं मी दिली नव्हती.

गुरुवारी सकाळी मानसीला फोन केला.

"सर, तुम्ही साइटवर गेलात? आपल्या स्कोपमध्ये साइट व्हिजिट नाहीये."

"फिरायला गेलो होतो समज."

"रिपोर्ट सबमिट झालाय सर. अ‍ॅक्युरसी नव्वदच्या वर आहे. क्लायंट खूश आहे."

अ‍ॅक्युरसी म्हणजे अचूकपणा. शंभर ठिकाणं तपासली आणि नव्वदहून अधिक बरोबर निघाली, असा त्याचा अर्थ. आमच्या धंद्यात हा चांगला आकडा मानतात. पण तो आकडा एक गोष्ट सांगत नाही. चुकलेली ठिकाणं कोणती? चुका गारांसारख्या कुठेही पडत असतील तर कुणाचं फार बिघडत नाही. पण त्या एकाच प्रकारच्या जागी साचत असतील, तर त्या जागेपुरता नकाशा जवळपास पूर्ण चुकीचा असतो, आणि तरी एकूण आकडा नव्वदच्या वरच राहतो.

"मानसी, जिथे जिथे शिंगाडा आहे तिथे आपण धान म्हटलंय. म्हणजे आपण फक्त ढिवरांच्या बाबतीत चुकलोय. बाकी सगळ्यांसाठी बरोबर आहोत."

"लेखी द्याल? तुमच्या नावाने?"

"देतो. पडताळणी मी केली होती, ती बसल्या जागी केली होती, हेही लिहितो."

"तेवढं लिहायची गरज नाहीये सर."

"आहे."

मानसीबद्दल एक सांगायला हवं. तिने ते पत्र दाबून ठेवलं नाही. शुक्रवारी दुपारभर ती त्या कार्यालयाच्या मागे लागली. संध्याकाळी सहाला तिचा मेल आला : दुरुस्ती मान्य, चारशे सतराचा शिक्का बदलला, सोमवारची पाहणी रद्द, नोटीस मागे घेतल्याचं पत्र निघेल. सोबत तिने लिहिलं होतं, चांगलं काम केलंत सर.

मी तो मेल तीनदा वाचला. मग पुढे पाठवला. मच्छीमार संस्थेच्या अर्जावर, लेटरहेडच्या तळाशी, एक मेल आयडी छापलेला होता. त्यावर मेल पाठवला आणि माझ्या दृष्टीने कळवण्याचं काम संपलं.

पाकीट टेबलावरच होतं. मी फोन हातात घेतला होता, हे मला पक्कं आठवतं. नंबरही दाबायला घेतला. मग वाटलं, आता जेवणाची वेळ असेल. मग वाटलं, मेल मिळालाच असेल, उगाच उपकार केल्यासारखं दिसेल. खरं कारण यापैकी कुठलंच नव्हतं. चांगली बातमी माणसाला तोंडाने सांगायची मला सवयच उरली नव्हती. आईनंतर मी कुणाला आपणहून फोन केला नव्हता. मी फोन खाली ठेवला.

शनिवार आणि रविवार मी खूप आनंदात काम केलं. जिल्ह्यातले सगळे 'पीक' शिक्क्याचे तलाव काढले आणि एकेकाचा मागचा जानेवारी तपासला. आणखी सोळा तलाव सापडले, शिंगाड्याचे. सोळाही वाचले, कारण त्यांच्या पाहण्या पुढच्या महिन्यात होत्या. वेलांसाठी एक नवीन शिक्का तयार केला, त्याला नाव दिलं, रंग दिला, आणि चारशे सतरासकट सगळ्यांना तो लावला. इतक्या वर्षांत इतकं समाधान वाटलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी नवा फोटो आला. दुरुस्ती केलेल्या तलावांवर संगणक आपोआप एक चाचणी चालवतो. माझा शिक्का आणि ताजा फोटो जुळतो का ते बघतो. सोळा तलावांपुढे हिरवी खूण आली. चारशे सतरापुढे लाल. माझा शिक्का, शिंगाडा. ताज्या फोटोवरून संगणकाचा शिक्का, पाणी.

आधी वाटलं, ढगाची सावली असेल. पण आकाश स्वच्छ होतं. आकडा पाहिला. शून्याच्या बराच खाली. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत कुठेच हिरवं नव्हतं. पाच दिवसांपूर्वीच्या फोटोत सगळा तलाव हिरवा होता.

मी फोन उचलला. या वेळी जेवणाची वेळ वगैरे काही मनात आलं नाही.

"मनिरामभाऊ, कापगते बोलतोय. तलावातले वेल कुठे गेले?"

"काढले जी," ते म्हणाले. आवाज दमलेला होता. "आईतवारी सारे उतरलो पान्यात. बाया-मानसं, लेकरं, सारे. दिवसभर उपडून उपडून काठाले टाकले. सोमवारी साहेब पाहाले येनार होते ना. आला कोनी नाई."

"अहो, पाहणी रद्द झाली होती. शुक्रवारीच. मी मेल केला होता तुमच्या संस्थेच्या आयडीवर."

"तो आयडी साकोलीच्या ऑनलाइनवाल्यानं काढला होता जी, फारम भराले. आमच्यापाशी त्याची चाबी नाई."

मी विचारलं, "पण तुम्ही का काढलं? मी सांगतो म्हटलं होतं ना?"

"तुमचा फोन आला नाई जी. शनवारपर्यंत वाट पाहिली. मंग आमाले वाटलं, तुमचं चाललं नसन. हिरवं दिसलं तं साहेब पीकच लिहितीन, मनून काढलं." त्यांनी दोष दिला नाही. उलट माझीच समजूत घातल्यासारखं बोलले. "तुमी कोशीश केली, तेच लय झालं."

मग मागून बाईचा आवाज आला, आणि फोन तिच्या हातात गेला.

"भाऊ, आता दिसते का पानी, वरून?"

"दिसतं, बाई."

"साऱ्या तलावात?"

"सगळ्या तलावात."

"मंग ठेका भेटन आमाले?"

"भेटेल. तो शुक्रवारीच भेटला होता."

"बरं," ती म्हणाली. बियांचं विचारायला मला तोंड नव्हतं. तिनेच सांगितलं, दोन टोपली पक्की फळं राखली आहेत, बाकीचं बी वेलाबरोबर गेलं.

ठेका मिळाला. माझ्या पत्राने मिळाला की मोकळ्या तलावामुळे, ते कार्यालयालाही सांगता यायचं नाही. त्यांच्या फाइलीत दोन्ही कागद एकामागे एक लावलेले आहेत. पत्रात लिहिलंय की इथे पीक कधी नव्हतंच, आणि नंतरच्या फोटोखाली कुणीतरी शेरा मारलाय : अतिक्रमण हटविण्यात आले. शेरा काढावा म्हणून मी दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. यादी सुधारली, सोळा तलावांना शिंगाड्याचा शिक्का लागला आणि एकूण अचूकपणा पूर्वीपेक्षा वाढला. चारशे सतरापुढे त्या वर्षापुरतं 'पाणी' असं आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे.

मानसीने नंतर विचारलं, या प्रकरणातून शिकण्यासारखं काय, टीमला एक नोट लिहून द्याल का? मी लिहून दिली. पहिल्या भागात जानेवारीचा फोटो तपासण्याबद्दल होतं, तो सगळ्यांनी वापरायला घेतला. दुसरा भाग एका ओळीचा होता : दुरुस्ती मंजूर झाली की ज्याचा तलाव आहे त्याला आधी फोन करावा, फोन लागला नाही तर जाऊन यावं, मेल त्यानंतर. मानसी म्हणाली, हे स्कोपमध्ये बसत नाही. तिचं बरोबर आहे, नाहीच बसत. ओळ मी काढली नाही. आता मीच ती पाळतो आणि लोक फोन उचलतात.